मान डोलावली आणि सत्तावीसशे रुपये गेले

शेतातनं आलेल्या, धुणं वाळत घालत ऐकणाऱ्या, भाकरी थापता थापता कान इकडं दिलेल्या सगळ्यांना आमच्या गटाचा रामराम.

आज आम्ही बोलणार आहोत ते न बोलता बोलण्याबद्दल. शिकलेली माणसं त्याला देहबोली म्हणतात. म्हणजे तोंड गप्प असतं, पण आपली मान, डोळे, हात, पाय काहीतरी सांगतच असतात. घरात आपल्याला हे चांगलं कळतं. सासूबाईंनी तांब्या कसा ठेवला त्यावरनं आज काय बिनसलंय ते आपण ओळखतो. म्हैस कान कसे टाकते त्यावरनं दूध देणार की लाथ मारणार ते कळतं. पण आपणच कामाच्या जागी कशा उभ्या राहतो, हे आपल्याला दिसत नाही. आम्हाला ते दिसलं, पण त्यासाठी २,७०० रुपये मोजावे लागले. तीच गोष्ट आधी सांगतो.

आमचं गाव पुण्याच्या पश्चिमेला, पानशेतच्या बाजूला. गटात आम्ही बाराजणी. काही जणी सिंहगड रस्त्यावर घरकामाला जातात, दोघी एका कंपनीत साफसफाईला आहेत, बाकीच्या गटाचं जेवणाचं काम बघतात. मागच्या वर्षी पुणे शहरातल्या एका कार्यालयातलं काम मिळालं. तीन दिवसांचं शिबिर, रोज साठ ताटं, ताटाला ९० रुपये. पिठलं, भाकरी, एक पालेभाजी, भात, आमटी, खर्डा. पहाटे तीनला उठून चुली पेटवल्या. तिन्ही दिवस जेवण वेळेवर पोचलं, ताटात कुणी काही टाकलं नाही. हिशेब सरळ होता. एकशे ऐंशी ताटं, १६,२०० रुपये.

पैसे आणायला तिघीजणी गेल्या. दारातच चपला काढल्या. आत जायचं की नाही, या विचारात निम्म्या आत, निम्म्या बाहेर उभ्या राहिल्या. साहेब खुर्चीत बसलेले. ते म्हणाले, "मावशी, जेवण बरं होतं, पण ताटात दही नव्हतं." तिघींनी मान हलवली. "लोकांनी तक्रार केली." परत मान हलवली. "मग ताटामागं पंधरा रुपये कमी करावे लागतील." त्यावरही मान हलली. "चालेल ना?" एकीनं पदर तोंडाला लावला, दुसरी लाजून हसली, तिसरी पुन्हा मान हलवून खाली बघायला लागली. साहेबांनी १३,५०० रुपये काढून दिले आणि म्हणाले, "बरं झालं, मावशी समजूतदार आहेत."

दही तर बोलण्यात कधी ठरलंच नव्हतं. पण हे त्या खोलीत कुणी बोललं नाही.

परतीला स्वारगेटला बसची वाट बघताना बरोबर आलेली बारावीची पोरगी विचारते, "आई, तुम्हाला कबूल नव्हतं तर तुम्ही तिघींनी मान का हलवली?" तिची आई म्हणाली, "अगं, मी हो म्हणाले नाही. मी ऐकत होते." पोरगी म्हणाली, "पण त्यांना हो दिसलं."

बायांनो, त्या एका वाक्यानं आमचे डोळे उघडले. आपण लहानपणापासून मोठ्या माणसापुढं मान हलवतो. कीर्तनात हलवतो, सासऱ्यांपुढं हलवतो, डॉक्टरांपुढं हलवतो. त्याचा अर्थ असतो, तुमचं बोलणं माझ्या कानावर येतंय. समोरचा माणूस त्याचा अर्थ लावतो, बाई तयार आहे. तो मुद्दाम लावतो की न कळून, हे आपल्याला कसं कळणार? पण हो दिसलं तर पुढचं भांडण आपण आधीच हरलेलो असतो.

पुढच्या आठवड्यात गटाची बैठक समाजमंदिरात होती. वर्गणी झाली, कर्जाचे हप्ते लिहिले, आणि मग आम्ही एक खेळ केला. एक अक्का साहेब झाल्या. नवऱ्याचा जुना चष्मा लावून खुर्चीत बसल्या. बाकीच्यांनी एकेक करून जायचं आणि पैसे मागायचे. आम्ही पोट धरून हसलो. पण हसता हसता बघितलं, तर दहापैकी आठजणी दारात थांबल्या, सगळ्या पदराशी चाळा करत होत्या, आणि पैशाचा आकडा सांगताना प्रत्येकीचा आवाज बसला. भांडण करताना ज्या बाईचा आवाज ओढ्यापलीकडं जातो, ती "सोळा हजार" म्हणताना पुटपुटत होती.

त्या खेळातनं आम्ही काही गोष्टी ठरवल्या. त्या पुस्तकातल्या नाहीत, आमच्या चुकांमधनं निघालेल्या आहेत.

पहिली गोष्ट पायांची. दारात अर्धवट उभं राहायचं नाही. "येऊ का?" विचारायचं आणि पूर्ण आत जायचं. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवून उभं राहायचं. डोक्यावर हंडा घेऊन चालताना आपण जशा ताठ असतो, तशाच. ती ताठ चाल आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, फक्त हंडा उतरवल्यावर ती विसरायची नाही. खुर्ची दिली तर पूर्ण बसायचं. टोकावर टेकलेली बाई उठून जायच्या तयारीत दिसते, आणि समोरचा तिला लवकर वाटेला लावतो.

दुसरी गोष्ट हातांची. रिकामे हात पदर शोधतात. म्हणून हातात कागद ठेवायचा. हिशेबाचा, दराचा, गटाच्या नावाचा. आकडा सांगताना त्या आकड्यावर बोट ठेवायचं. समोरच्याचे डोळे आपोआप तिथं जातात, आणि बोलणं आपल्या गरिबीवर न जाता हिशेबावर राहतं.

तिसरी गोष्ट मानेची. ही सगळ्यात महागात पडलेली. कबूल असेल तरच मान हलवायची. नुसतं ऐकत असू तर तोंडानं म्हणायचं, "ऐकतेय साहेब." कबूल नसेल तर मान स्थिर ठेवायची आणि म्हणायचं, "असं ठरलं नव्हतं." हे सोपं वाटतं, पण करून बघा. आमच्या एका काकूंना मान स्थिर ठेवायला तीन बैठका लागल्या.

चौथी गोष्ट डोळ्यांची. आपल्याकडं मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणं उद्धटपणा मानतात. ते वळण एका दिवसात जात नाही, आणि सारखं टक लावून बघायचीही गरज नाही. ज्यांना डोळ्यात बघणं जड जातं त्यांनी समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे, टिळा लावतात तिथं बघावं. त्याला वाटतं आपण डोळ्यातच बघतोय. निदान दोन वेळा तरी वर बघायचंच: आपलं नाव सांगताना आणि आकडा सांगताना.

पाचवी गोष्ट हसण्याची. ओळखीचं, आनंदाचं हसू असावंच. पण पैसे मागताना किंवा नाही म्हणताना येणारं लाजरं हसू आपलं म्हणणं पुसून टाकतं. हसत "नाही" म्हटलं की ते "बघू" असं ऐकू जातं.

सहावी गोष्ट थांबण्याची. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. आपण काय करतो? "नव्वद रुपये," म्हणतो आणि समोरचा बोलायच्या आतच "पण तुम्ही म्हणाल तसं" जोडतो. ती शेपूट तोडायची. खोलीत पंख्याचा आवाज ऐकू आला तरी चालेल.

आता पुढची हकीकत. चार महिन्यांनी त्याच कार्यालयातनं पुन्हा बोलावणं आलं. जुने २,७०० मागितले, ते मिळाले नाहीत. त्यांच्याकडं आमची कबुली होती आणि आमच्याकडं कागद नव्हता. ते पैसे शिकवणीची फी म्हणून सोडून दिले. पण नव्या कामाचं बोलायला चष्मेवाल्या अक्का आणि ती बारावीची पोरगी अशा दोघी गेल्या. दराचा कागद टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, "मावशी, पंच्याहत्तर करा." अक्कांनी मान हलवली नाही. म्हणाल्या, "ताटाला नव्वद. दही पाहिजे असेल तर एकशे पाच." आणि गप्प बसल्या. पोरगी सांगते, इतका वेळ गेला की तिलाच घाम फुटला. साहेबांनी कागद पुन्हा वाचला, नव्वदवर खूण केली आणि म्हणाले, "दही नको." दोघींनी तिथंच सही घेतली.

मैत्रिणींनो, इथंच गोष्ट संपवली तर ती अर्धी खोटी होईल. ताठ उभं राहिलं की जग सुधारतं, असं नाही. आमच्यातली साफसफाईला जाणारी एक वहिनी अशीच सरळ उभी राहून जादा तासांचे पैसे मागायला गेली. एकटीच गेली. मुकादम म्हणाला, "फार शहाणी झालीस." दुसऱ्या दिवसापासून तिला सगळ्यात लांबचे मजले आणि संडास लावले. ताठ मानेची किंमत मोजावी लागते, आणि एकटीला ती जास्त पडते. म्हणून आम्ही म्हणतो, मान सरळ करायच्या आधी पाठीशी कोण आहे ते बघा.

याचा सगळ्यात मोठा धडा पुणे शहरातच आहे. कचरा वेचणाऱ्या बायांचा. पूर्वी त्या पाठीवर गोणी घेऊन कचराकुंडीत वाकून कागद, काच, पत्रा वेचायच्या. वाकलेली बाई, मळलेलं लुगडं, हातात गोणी. बघणाऱ्याला वाटायचं चोर आहे. चौकीदार हाकलायचे, पोलीस हटकायचे, कुत्री मागं लागायची. त्यांच्या देहबोलीवर लोकांनी ठप्पा मारला होता. त्या काय काम करतात ते कुणी बघत नव्हतं.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या कार्यकर्त्यांनी या बायांबरोबर काम सुरू केलं. कुंडीत वाकण्यापेक्षा घराच्या दारातच सुका कचरा वेगळा मिळाला तर? बायांना ओळखपत्रं मिळाली आणि त्या दारात जाऊन उभ्या राहू लागल्या. १९९३ मध्ये त्यांची संघटना झाली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. डॉ. बाबा आढावांची साथ होती. नव्वदच्या दशकातच पुणे महापालिकेनं या संघटनेच्या ओळखपत्राला मान्यता दिली. पुढं २००७ मध्ये या बायांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. आज पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये गळ्यात ओळखपत्र घालून, ढकलगाडी घेऊन येणारी बाई घंटी वाजवते, ओला सुका वेगळा मागते आणि महिन्याचं शुल्क हक्कानं घेते.

बघा, बाई तीच, हात तेच, काम जवळपास तेच. पण कुंडीत वाकलेली पाठ दारात सरळ उभी राहिली. ती नुसत्या सरावानं झाली का? नाही. गळ्यात कागद आला, पाठीशी संघटना आली, मग मान वर आली. आणि मान वर आल्यावर त्या आणखी बोलू लागल्या. वापरलेले सॅनिटरी पॅड तसेच कचऱ्यात टाकतात, ते आम्हाला हातानं वेगळे करावे लागतात, हे त्यांनी उघड सांगितलं. त्यातनं लाल ठिपक्याची मोहीम निघाली. पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडून बघावं लागणार नाही. ज्या गोष्टीवर आपण घरातही कुजबुजतो, ती त्या बायांनी शहराला डोळ्यात बघून सांगितली.

घरकाम करणाऱ्या बायांचंही तसंच. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. मागच्या दारानं येणाऱ्या, जमिनीवर बसून चहा घेणाऱ्या बाया रस्त्यावर एकत्र उभ्या राहिल्या. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा यायला २००८ साल उजाडलं. वेळ लागतो, बायांनो. पण एकत्र उभं राहणं हीही देहबोलीच आहे.

आणि याच पुण्यात १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींना शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई आठवा. वाटेत शेणमाती अंगावर यायची, म्हणून त्या जादा लुगडं बरोबर न्यायच्या. काय होणार हे माहीत होतं, म्हणून तयारीनं जायच्या, आणि जायच्याच. आपला दराचा कागद, सोबतची मैत्रीण, घरी केलेला सराव, हे आपलं जादा लुगडं समजा.

आता एक नाजूक पण गरजेची गोष्ट. आपण समोरच्याला काय सांगतो हे झालं. समोरचा आपल्याला शरीरानं काय सांगतो, तेही ओळखायला हवं. कुणी काम समजावताना फार जवळ येतो, वाट अडवून उभा राहतो, नको तिथं बघत राहतो, घाणेरडी खूण करतो. आपण मनात म्हणतो, त्यानं तर काही म्हटलंच नाही, तक्रार कशाची करू? बायांनो, २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा नीट ऐका. बाईला नकोसं असलेलं लैंगिक वर्तन, मग ते स्पर्शाचं असो, बोलण्याचं असो की न बोलता केलेलं असो, त्या कायद्यात छळच आहे. नजर आणि खूणही त्यात येते. आणि आपण गप्प राहिलो, लाजून हसलो, मान खाली घातली, म्हणून ती संमती होत नाही.

असं घडलं तर एक पाऊल मागं व्हा. पिशवी किंवा फाइल मधे धरा. मोठ्या आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाईल असं म्हणा, "लांब उभं राहून बोला." घरी आल्यावर तारीख, वेळ, कोण होतं ते लिहून ठेवा, किंवा पोरीकडनं लिहून घ्या. जिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्यापेक्षा कमी असतील, किंवा तुम्ही कुणाच्या घरी काम करत असाल, तर जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी करायची. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. तातडीनं मदत लागली तर महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक पाठ करा. पोरींनाही पाठ करायला लावा.

त्या साफसफाईवाल्या वहिनीचं पुढं काय झालं, हे विचाराल. पुढच्या वेळी ती एकटी गेली नाही. त्या मजल्यांवर काम करणाऱ्या सातजणी एका ओळीत मुकादमापुढं उभ्या राहिल्या. कुणी आवाज चढवला नाही. एकीच्या हातात वही होती, जादा तासांची तारीखवार नोंद. मुकादम एकीला शहाणी म्हणू शकत होता, सातजणींना म्हणाला नाही. दोन महिन्यांचे जादा तासांचे पैसे पुढच्या पगारात आले. मजले मात्र वहिनीला अजून लांबचेच आहेत. त्याचं बोलणं चालू आहे.

जाता जाता घरातलं एक. आपण पोरींना सांगतो, मान खाली घालून चाल, हसू नको, आवाज खाली ठेव. मग तीच पोर वीस वर्षांची झाली की म्हणतो, मुलाखतीला जा, नीट बोल. एका दिवसात कशी बोलेल? पाहुण्यांपुढं तिला चहाचा ट्रे द्यायला लावता तसं एकदा हिशेबही सांगायला लावा. किराणा दुकानात सुटे पैसे कमी आले तर तिलाच मागू द्या. मान वर ठेवायचा सराव घरातनंच होतो.

आणि ज्या आता गटाच्या अध्यक्ष आहेत, सरपंच आहेत, चार बायांना कामाला लावतात, त्यांनीही ध्यानात ठेवा. समोरची बाई खाली बघते म्हणून ती खोटं बोलतेय असं समजू नका. मान हलवते म्हणून कबूल आहे असं धरू नका. तिला बसायला खुर्ची द्या आणि तोंडानं विचारा, "तुला काय वाटतं?" जे आपल्याला मिळालं नाही ते आपल्या हाताखालच्या बाईला द्यायला पैसे पडत नाहीत.

या आठवड्याच्या बैठकीत एवढं करा. वर्गणी झाली की एक खुर्ची ठेवा, एकीला साहेब करा, आणि प्रत्येकीनं एकदा आत येऊन आपलं पूर्ण नाव आणि एक आकडा सांगायचा. आकडा सांगून गप्प बसायचं. हसायला येईल, हसून घ्या. पण दोनदा तरी करा. चष्मा लागलाच तर आमच्या अक्कांकडं आहे.

येतो आम्ही. चुलीवरचं बघा, आणि मान सांभाळा. नमस्कार.